हँडहेल्ड रेडिओचा यूएसबी अडॅप्टर घरी बनवताना: चिपपेक्षा पीटीटीची तार सांभाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नुकतंच हॅम म्हणजे हौशी रेडिओचं रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स हातात आलंय, संच बाओफेंग यूव्ही-५आर. संचात फ्रीक्वेन्सी भरायला मागवलेली प्रोग्रॅमिंग केबल विंडोज ओळखायलाच तयार नाही. शिवाय त्याच यूएसबी पोर्टवरून पुढे एपीआरएस (ठिकाण आणि छोटे संदेश डेटाच्या पॅकेटांतून पाठवणं) आणि एसएसटीव्हीही (रेडिओवरून स्थिर चित्रं पाठवणं) करायचंय. तर असा अडॅप्टर घरी बनेल का, त्यात कुठली चिप वापरावी, आणि पुण्यात सामान कुठे मिळेल?

बनेल. काही शे रुपयांत आणि एका शनिवार-रविवारात बनेल. पण कुठली चिप हा प्रश्न मी शेवटी ठेवला असता. या अडॅप्टरला कामं तीन: डेटा नेणं-आणणं, आवाज नेणं-आणणं आणि पीटीटी (पुश-टू-टॉक, म्हणजे बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबणं. यांतली दोन एकाच तारेवर बसलेली आहेत. घरी बनवलेले बहुतेक अडॅप्टर रुसतात ते त्या तारेपायी, चिपपायी नाही.

आधी प्लग समजून घ्या. बाओफेंग, क्वान्शेंग आणि इतर बऱ्याच चिनी संचांवर केनवुड पद्धतीचा दोन पिनांचा सॉकेट असतो, एक पिन ३.५ मिलिमीटरची आणि दुसरी २.५ मिलिमीटरची. दोन्हींना टोक, मधली रिंग आणि मागचा स्लीव्ह असे तीन-तीन भाग. २.५ च्या टोकावर स्पीकरचा आवाज येतो, रिंगवर संचाकडून बाहेर येणारा डेटा, आणि स्लीव्ह म्हणजे ग्राउंड. ३.५ च्या रिंगवर माइक. आणि ३.५ चा स्लीव्ह, जो सवयीने कुणीही ग्राउंड समजेल, तो ग्राउंड नाहीच. तो पीटीटी आहे. तो २.५ च्या स्लीव्हला टेकला की संच ट्रान्समिटला जातो. आणि संचाकडे जाणारा डेटाही याच स्लीव्हवरून आत शिरतो. ३.५ च्या टोकाची आपल्याला गरज नाही, ते मोकळं सोडा.

प्लग मिळवायचा कुठून? खराब झालेला इअरपीस कापून घ्यावा असं बरेच जण सुचवतात, पण इअरपीसला डेटा लागत नसल्यामुळे २.५ च्या रिंगवर तार जोडलेलीच नसते, असं फार वेळा होतं. मोल्ड केलेल्या प्लगमध्ये ती नंतर घालता येत नाही. तुमची विंडोजने नाकारलेली केबल इथे कामाची आहे: यूएसबीकडचं टोक कापा, प्लग आणि तार ठेवा. मात्र तिच्यातही आवाजाच्या तारा असतीलच असं नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून सहाही भाग तपासा आणि कुठल्या रंगाची तार कुठे जाते ते कागदावर लिहा. रंगांवर विश्वास ठेवू नका; लाल म्हणजे प्लस हा नियम या केबली पाळत नाहीत.

तारा कमी पडल्या तर सुटे स्टिरिओ प्लग घ्यायचे. बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत आणि पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत ३.५ चा प्लग कुणीही देईल, २.५ चा स्टिरिओ मागताना 'स्टिरिओ'वर जोर द्या, नाहीतर मोनो हातात पडतो. बाहेरची टोपणं लावून दोन प्लग शेजारी-शेजारी बसत नाहीत. टोपणं काढा, तारा झाळा, प्रत्येक टाक्यावर हीट श्रिंक चढवा. मग संच बंद करून, बॅटरी काढून, सॉकेटवर पातळ प्लॅस्टिक ताणा, त्यातून दोन्ही पिना पूर्ण आत बसवा आणि मागून एम-सीलचा गोळा दाबा. एम-सील संचावरच घट्ट होऊ द्यायचं, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर आपोआप बरोबर येतं. पिन पूर्ण आत बसली की हलकी 'टक' जाणवते. ती जाणवत नसेल तर प्लगच्या कडेचं प्लॅस्टिक कटरने थोडं तासा. 'रेडिओ उत्तर देत नाही' असा संदेश आला की लोक ड्रायव्हर बदलत बसतात. मी आधी प्लग अर्धा मिलिमीटर आणखी आत जातो का ते बघतो.

आता चिप. सीपी२१०२, सीएच३४० किंवा एफटी२३२आरएल, यांपैकी कुठलंही यूएसबी-सिरीयल मॉड्युल चालतं. तुमची केबल विंडोजने का नाकारली असेल त्याचा अंदाज देतो. स्वस्त केबलींत प्रोलिफिकच्या पीएल२३०३ चिपची नक्कल सर्रास असते, आणि प्रोलिफिकचा नवा ड्रायव्हर नक्कल ओळखून काम करायचं थांबतो. जुना ड्रायव्हर टाकून अशी केबल चालवता येते, लिनक्सवर तर बहुधा तशीच चालते. २०१४ मध्ये एफटीडीआयच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला होता, तेव्हा बराच गदारोळ झाला होता. म्हणून मी स्वतः सीपी२१०२ किंवा सीएच३४० पसंत करतो, पण खाली पीटीटीची जी युक्ती सांगतोय तिला डीटीआर आणि आरटीएस (सिरीयल पोर्टच्या, संगणकाला चालू-बंद करता येणाऱ्या दोन जादा लाइनी) या दोन्ही पिना लागतात. सहा पिनांच्या छोट्या मॉड्युलवर बहुधा डीटीआर एकटाच बाहेर काढलेला असतो. एफटी२३२आरएलच्या बोर्डावर दोन्ही मिळतात. तेव्हा विकत घेताना पिनांवरची नावं वाचा.

मॉड्युलवर ३.३ आणि ५ व्होल्टचा जंपर असेल तर तो ३.३ वर ठेवा, आणि तरीही टीएक्स (मॉड्युलची डेटा पाठवणारी) पिनवरचा व्होल्टेज मीटरने बघा. काही बोर्डांवर जंपर फक्त सप्लायची पिन बदलतो. आणि जुन्या संगणकाचा आरएस-२३२ पोर्ट किंवा मॅक्स२३२ चं बोर्ड थेट संचाला लावायचं नाही. तिथे प्लस-मायनस व्होल्टेज असतात, आणि संचाच्या आतली चिप ते सोसणार नाही. जोडणी करण्याआधी मॉड्युलचे टीएक्स आणि आरएक्स (डेटा घेणारी पिन) एका तारेने जोडून टर्मिनलमध्ये काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं परत दिसलं म्हणजे मॉड्युल आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक.

जोडणी अशी: मॉड्युलचा ग्राउंड २.५ च्या स्लीव्हला, मॉड्युलचा आरएक्स २.५ च्या रिंगला, टीएक्स ३.५ च्या स्लीव्हला. नुसत्या प्रोग्रॅमिंगसाठी एवढ्याने काम भागतं, आणि बाजारातल्या बहुतेक केबलींत एवढंच असतं. पण यात एक खोट आहे. सिरीयल लाइन रिकामी असताना टीएक्स हाय असतो, म्हणून पीटीटी दबत नाही. हे खरं, पण मॉड्युलला वीज मिळतेय तोवरच. केबल संचाला लावलेली, संच चालू, आणि यूएसबी मात्र लॅपटॉपमधून काढलेली, अशा वेळी वीज नसलेली चिप आपल्या संरक्षक डायोडमधून ती तार खाली ओढते. संचाला वाटतं पीटीटी दाबलं. टेबलावर ठेवलेला संच मग बॅटरी संपेपर्यंत ट्रान्समिट करत बसतो आणि सगळ्यांची फ्रीक्वेन्सी अडवून ठेवतो.

यावरचा उपाय एका मॉसफेटचा, म्हणजे स्विचसारख्या चालणाऱ्या ट्रान्झिस्टरचा. बीएसएस१३८ घ्या. सोर्स मॉड्युलच्या टीएक्सला, गेट मॉड्युलच्या ३.३ व्होल्टला, ड्रेन एका शॉट्की डायोडमधून ३.५ च्या स्लीव्हला, डायोडचा कॅथोड ड्रेनकडे. टीएक्स लो गेला की मॉसफेट चालू होऊन तार खाली ओढतो. टीएक्स हाय असताना तो बंद, आणि तार संचाच्या आतल्या पुल-अपवर (तार हाय ठेवणाऱ्या रेझिस्टन्सवर) वर राहते. यूएसबी काढली तर गेटवर व्होल्टेजच नाही, मॉसफेट बंद, संच शांत. दुसरा फायदा म्हणजे मॉड्युलचा व्होल्टेज संचात घुसत नाही. त्यासाठी तो शॉट्की डायोड मात्र हवाच, नाहीतर मॉसफेटच्या आतल्या डायोडमधून टीएक्सचा हाय स्लीव्हवर येतो. बीएसएस१३८ चा आकार बारीक असतो, झाळायला डोळे दुखत असतील तर लॉजिक लेव्हल शिफ्टरचं तयार बोर्ड घ्या, त्यावर बहुधा हाच मॉसफेट असतो, डायोड तेवढा वेगळा लावा. त्याच्या जागी २एन७००० लावू नका, ३.३ व्होल्टवर तो पुरता चालू होईलच याची खात्री नाही.

आता प्रोग्रॅमिंग करून बघा, आवाजाकडे नंतर वळू. चर्प (संचात माहिती भरण्याचा संगणकावरचा प्रोग्रॅम) उघडा, पोर्ट आणि मॉडेल निवडा, आणि सगळ्यात आधी संचातली माहिती 'डाउनलोड' करून ती फाइल जशीच्या तशी जपून ठेवा. बदल त्या फाइलच्या प्रतीत करायचे. दुसऱ्या कुणाच्या संचाची फाइल आपल्या संचात ढकलायची नाही. नाव एकच असलं तरी आतलं फर्मवेअर वेगळं असू शकतं. लिनक्सवर पोर्ट दिसतो पण उघडत नाही असं झालं तर आपलं खातं डायलआउट गटात आहे का बघा. आणि चर्पमधून संचात हव्या त्या फ्रीक्वेन्सी भरता येतात म्हणून त्या भरू नयेत. आपल्याकडे दोन मीटरचा बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आहे, त्याबाहेर पीटीटी दाबायचं नाही.

पीटीटीच्या दुसऱ्या भागाकडे येतो. एपीआरएससाठी संगणकाने स्वतः पीटीटी दाबायला हवं, आणि रिवाज असा की आरटीएस किंवा डीटीआर हलवून ते करायचं. गोची ही की कुठलाही प्रोग्रॅम सिरीयल पोर्ट उघडतो तेव्हा बहुतेक वेळा या दोन्ही लाइनी आपोआप चालू होतात. म्हणजे तुम्ही चर्प उघडलं की संच ट्रान्समिटला. ऑल-इन-वन-केबल नावाची एक मुक्त रचना आहे, प्लगच्याच आकाराच्या बोर्डावर साउंड कार्ड आणि सिरीयल पोर्ट दोन्ही देणारी. तिच्या फर्मवेअरमध्ये १.२.० पासून नियम असा ठेवलाय की डीटीआर चालू आणि आरटीएस बंद असेल तरच पीटीटी दाबायचं. हा नियम आपल्याला कुठलंही फर्मवेअर न लिहिता पाळता येतो.

पीसी८१७ हा ऑप्टोकपलर घ्या, म्हणजे एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या उजेडाने चालू होणारा ट्रान्झिस्टर. त्याच्या आतल्या एलईडीचा अॅनोड ४७० ओह्ममधून मॉड्युलच्या आरटीएसला जोडा, आणि कॅथोड थेट डीटीआरला. मॉड्युलवर या दोन्ही पिना उलट्या चालतात: लाइन चालू म्हणजे पिन लो, बंद म्हणजे हाय. त्यामुळे दोन्ही चालू असतील तर दोन्ही पिना लो, एलईडी विझलेला. दोन्ही बंद, तरी विझलेला. फक्त डीटीआर चालू आणि आरटीएस बंद असताना एका टोकाला ३.३ व्होल्ट आणि दुसऱ्याला शून्य येतो, आणि एलईडी पेटतो. ऑप्टोकपलरच्या दुसऱ्या बाजूचा कलेक्टर ३.५ च्या स्लीव्हला, एमिटर २.५ च्या स्लीव्हला. मॉसफेट आणि ऑप्टोकपलर दोघंही तार फक्त खाली ओढतात, वर कुणीच ढकलत नाही, म्हणून एकाच तारेवर सुखाने नांदतात. डायर वुल्फ या एपीआरएसची पॅकेटं बनवणाऱ्या आणि उलगडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पीटीटीच्या ओळीत पोर्टचं नाव, मग डीटीआर, आणि त्यानंतर वजा चिन्ह लावून आरटीएस लिहायचं. दोन लाइनी उलटसुलट वापरायची सोय त्यात आहे.

'एवढ्यापेक्षा संचातलं व्हॉक्स (आवाज आला की आपोआप ट्रान्समिट) का नको?' असं विचारलं जातंच. आवाज ओळखून ट्रान्समिट सुरू व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात पॅकेटचं तोंड कापलं जातं. आणि पॅकेट संपल्यावरही संच क्षणभर तसाच चालू राहतो, समोरच्याचं उत्तर त्यात बुडतं. एसएसटीव्हीचं चित्र पाठवायला व्हॉक्स चालेल, पॅकेटला नाही.

आवाजासाठी साधं यूएसबी साउंड डोंगल घ्या, ज्याला हेडफोन आणि माइक अशी दोन भोकं असतात. डोंगल आणि सिरीयल मॉड्युल एका छोट्या यूएसबी हबवर, एकाच डबीत बसवलं की बाहेर एकच यूएसबी तार येते.

डोंगलच्या हेडफोनमधून साधारण एक व्होल्टच्या घरात आवाज निघतो, आणि संचाच्या माइकला हवे असतात काही मिलिव्होल्ट. हा शंभर पटींचा फरक कमी न करता जोडलेल्या केबली मी बऱ्याच पाहिल्यात. हवेत जातं ते खरखरीत, फाटलेलं, आणि कुणाकडेच उलगडत नाही. हेडफोनकडून १० किलोओह्म, मग १ किलोओह्मचा प्रीसेट (स्क्रूने फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टन्स) ग्राउंडकडे, प्रीसेटच्या मधल्या पायातून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि तिथून ३.५ ची रिंग. कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक असेल तर त्याचा प्लस संचाकडे ठेवा, कारण त्या रिंगवर इलेक्ट्रेट माइकसाठी संच स्वतः व्होल्टेज देत असतो. कपॅसिटर गाळला तर तो व्होल्टेज प्रीसेटमधून ग्राउंडला बसतो. प्लगच्या अगदी जवळ, रिंग आणि ग्राउंड यांच्यामध्ये १ नॅनोफॅरडचा सिरॅमिक टाका.

येणाऱ्या बाजूला २.५ च्या टोकाकडून १० किलोओह्म, तिथून १ किलोओह्म ग्राउंडला, आणि त्या जोडावरून १ मायक्रोफॅरडमधून डोंगलच्या माइकला. डोंगलच्या माइकवरही डीसी असतो, म्हणून इथेही कपॅसिटर हवाच. संचाचा आवाज मध्यावर ठेवून डायर वुल्फ दाखवतो ती ऑडिओ लेव्हल पन्नासच्या आसपास आणा.

ऑप्टोकपलर आलाच आहे तर आवाजासाठी ६००:६०० चे ट्रान्सफॉर्मर लावून पूर्ण आयसोलेशन करावं का? माझ्या मते हँडहेल्डला नाही. तो स्वतःच्या बॅटरीवर चालतो, हम (मेनच्या विजेची गुणगुण) यायला लागणारा दुसरा ग्राउंडचा रस्ताच नसतो. आणि सिरीयलचा ग्राउंड जोडलेला असताना नुसता आवाज वेगळा करून काही साधत नाही. पुढेमागे मेनच्या पॉवर सप्लायवर चालणारा मोबाइल रिग जोडायचा झाला तर ट्रान्सफॉर्मर लागतील. तेव्हा बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर मारा. जुन्या डायल-अप मॉडेमच्या कार्डांवर ते असतात आणि कार्ड भंगाराच्या भावात मिळतं. हँडहेल्डवर हम आलाच तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा.

आता आरएफ, ज्यावर बांधणी चोख असूनही घोडं अडतं. पीटीटी दाबलं की यूएसबी डिस्कनेक्ट होतं, माउस गोठतो, पीटीटी सुटत नाही. कारण सोपं आहे. हँडहेल्डच्या रबरी अँटेनाला खालचा अर्धा भाग म्हणून संचाची बॉडी आणि तुमचा हात मिळतो. तार जोडली की ती तारही अँटेनाचा भाग होते. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण ५२ सेंटिमीटर भरते, आणि आपण हौसेने अर्ध्या मीटरची तार वापरतो! प्लगपासून डबीपर्यंतची तार वीतभर ठेवा, दोन्ही टोकांना क्लिपचे फेराइट लावा, पॉवर लो करा, आणि जमलं तर अँटेना कोअॅक्सने खिडकीबाहेर न्या. अँटेना लॅपटॉपपासून दोन मीटर लांब गेली की निम्मे आजार आपोआप जातात.

पहिल्या चाचण्या हवेत करू नका. १०० ओह्मचे तीन-तीन वॉटचे दोन रेझिस्टन्स समांतर जोडले की ५० ओह्मचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, सिग्नल हवेत न सोडणारा भार) झाला, फक्त ते वायरवाउंड नकोत. संचाच्या मेनूत ९ क्रमांकावर टाइम-आउट टायमर आहे, तो ६० सेकंदांवर आणा. पीटीटी अडकलं तरी संच स्वतः सोडेल. ३ क्रमांकाचं बॅटरी सेव्ह बंद करा, नाहीतर रिसीव्हर अधूनमधून डुलक्या काढतो आणि पॅकेटची सुरुवात गाळतो. ड्युअल वॉच (दोन फ्रीक्वेन्सी आलटून-पालटून ऐकणं) बंद, स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज दाबणं) शून्य. संगणकावर माइक बूस्ट आणि आवाज 'सुधारणारे' सगळे पर्याय बंद. आणि डोंगल हे डिफॉल्ट साउंड डिव्हाइस ठेवू नका. ठेवलंत तर मेल आल्याची टिंग पॅकेटच्या मध्येच हवेत जाईल.

प्रीसेट लावायचा दुसऱ्या संचावर किंवा आरटीएल-एसडीआरवर (संगणकाला लावायच्या यूएसबी रिसीव्हरवर) ऐकत. १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन स्वर स्वच्छ ऐकू यायला हवेत. शून्यापासून हळूहळू वाढवा आणि पलीकडे पॅकेट उलगडायला लागलं की थोडंसंच पुढे जाऊन थांबा. जोरात म्हणजे लांब, असं एफएममध्ये नसतं.

ट्रान्समिटच्या आधी नुसतं ऐकून घ्या, हे मी आग्रहाने सांगेन. पुण्यात हा नाद बऱ्याच जणांना उपग्रहांमुळेच लागतो. इथल्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयं' २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला, तोही हॅम बँडवर बोलणारा. अंतराळ स्थानकावरचा डिजिपीटर (आलेली पॅकेटं पुन्हा प्रसारित करणारा संच) चालू असेल तेव्हा १४५.८२५ मेगाहर्ट्झवर पॅकेट येतात, आणि एसएसटीव्हीचे कार्यक्रम असतात तेव्हा १४५.८०० वर चित्रं. दोन मीटरवर डॉप्लर (स्थानकाच्या वेगामुळे फ्रीक्वेन्सीत पडणारा फरक) साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास, फ्रीक्वेन्सी हलवायची गरज पडत नाही. वेताळ टेकडीवर मोकळं आकाश मिळतं. सिंहगडावर उंची जास्त असली तरी टॉवरच्या जवळ जाऊ नका. यूव्ही-५आरचा रिसीव्हर शेजारच्या जोरदार प्रक्षेपणाने पार बहिरा होतो, आणि तुम्ही अडॅप्टरमध्ये दोष शोधत बसाल.

एवढं करूनही अडलं तर 'चालत नाही' एवढंच न लिहिता तीन आकडे कळवा: यूएसबी लावलेली असताना ३.५ च्या स्लीव्हवर किती व्होल्ट, यूएसबी काढल्यावर किती, आणि प्लग संचात घातलेला असताना माइकच्या रिंगवर किती. सगळे २.५ च्या स्लीव्हच्या सापेक्ष.